काळ्या शर्टातला व्हिलन

कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता आणि बोलणी मात्र मला बसली.

तर मंडळी, मी पिक्चरमध्ये व्हिलन झालो होतो. हसू नका! हसायची जागा अजून लई लांब आहे. माझे आयुष्यात पोपट पुष्कळ झालेत, पण ह्या एकाच पोपटाला अख्ख्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या. म्हणून तो सांगायला मला आवडतो.

माझी सासुरवाडी दौलताबादची. किल्ल्याच्या पायथ्याला घर, पुढं अंगण, बाजूला शेळ्यांचा गोठा, मातीच्या भिंती. सासरे गेले तेव्हापासून सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. आम्ही त्यांना मामी म्हणतो. मामी शेळ्यांचा आख्खा कळप नुसत्या नजरेनं वळवतात. ओरडायचं नाय, काठी उगारायची नाय, फक्त बघायचं. आणि जावई म्हणून माझ्याकडंही त्या तश्शाच बघतात. मी बजाजनगरात राहतो, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर आहे, हाताखाली माणसं आहेत. पण मामींच्या अंगणात पाय ठेवला की मीही आपोआप गोठ्याकडं वळायचो.

असं असताना एक दिवस चक्क मामींचाच फोन!

"पाव्हणं, हिकडं पिच्चरवाले येऊ राहिले. आपल्या घरात शूटिंग करायचं म्हणत्यात. तुम्ही शिकल्याले, तुम्हाला कळतं. येऊन ऱ्हावा."

'तुम्हाला कळतं'! लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हणालो, "सुनंदा, मामींनी मला मानलं बघ."

सुनंदा म्हणाली, "दुसरं कोणी रिकामं नसंल."

मी तिकडं दुर्लक्ष केलं. शूटिंगच्या आदल्या दिवशीच दौलताबादला पोचलो. घर बघितलं. आणि बघा हां, माणसाला जास्त कळायला लागलं की कसं होतं! अंगणाकडची भिंत मातीची, मळकट, पोपडे आलेली. पुण्याचे पिक्चरवाले येणार आणि आपण ही भिंत दाखवणार? मी गावातून डबा आणला आणि भिंतीला रंग दिला. पांढरा. आणि चुना नाय, ऑइलपेंट! भांग पाडायला आरशाची गरज पडू नये अशी चकचकीत भिंत केली.

सकाळी गाड्या आल्या. कॅमेऱ्याचं काम एका बाईंकडं होतं. बारीक कापलेले केस, गळ्यात दोरीला एक काळी काच लटकवलेली. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. मॅडम अंगणात आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"ही भिंत... परवा मातीची होती ना?"

"होती मॅडम! आता फर्स्टक्लास केली."

"कुणी केली?"

"मीच!"

मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं, भरून आलं त्यांना.

मग त्या ओरडल्या, "गॅफर कुठंय? गॅफरला बोलवा!"

एक उंच, दाढीवाला, गळ्यात गमछा टाकलेला माणूस धावत आला. लाइटवाल्या माणसांचा तो म्होरक्या होता. मी मनात म्हणालो, बरं, ह्याचं नाव गफूर. आपल्या शहरात राहून आपल्याला गफूरभाईशी बोलता येत नाय असं कसं होईल? मी पुढं झालो, छातीला हात लावला.

"आव गफूरभाई, आव! मैं इस घर का जावई। कुछ भी लगा तो मेरे को बोलने का, शरमाने का नै।"

तो माझ्याकडं जरा बघत राहिला. मग म्हणाला, "जी, जी। बहोत मेहरबानी।"

दिवसभर आमचं असंच चाललं. "गफूरभाई, चाय पियो।" "जी, पीताय।" "गफूरभाई, धूप बहोत है, टोपी डालो।" "जी, डालताय।" माणूस मोठा अदबीचा. मला एवढंच खटकत होतं की त्याचं हिंदी माझ्यापेक्षाही वाईट होतं.

तर सीन असा होता की घर सोडून निघालेली मुलगी ओट्यावर शेवटचं बसलीय. हिरोइन गुणी पोरगी, नुसतं सांगितलं तरी डोळ्यांत पाणी काढायची. पण मॅडमना काही केल्या पसंत पडेना. त्या छोट्या टीव्हीत बघायच्या आणि मान हलवायच्या.

"चेहरा पापडासारखा सपाट दिसतोय. भिंत बाउन्स मारतेय!"

मी लगेच उठलो आणि भिंत दोन्ही हातांनी दाबून बघितली. पक्की होती. म्हणालो, "मॅडम, नाय हो मारत, मजबूत आहे."

मग गफूरभाईच्या माणसांनी मोठ्ठा काळा कपडा आणला, स्टँडला बांधला आणि हिरोइनच्या बाजूला, भिंतीच्या पुढ्यात उभा केला. तेवढ्यात किल्ल्याकडून असा वारा सुटला की कपडा स्टँडसकट आडवा झाला, तिथून उडाला आणि पलीकडच्या बाभळीत जाऊन बसला. ओढून काढला तर टर्रकन उभा फाटला.

ऊन सरकत होतं, पोरीचं रडणं वाया चाललं होतं. मॅडमनी चारीकडं नजर फिरवली. ती नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

आता मी त्या दिवशी काळा शर्ट घातला होता. नवा कोरा. काळ्यात माणूस बारीक दिसतो म्हणतात, आणि आपलं आकारमान तर तुम्ही समोर बघताच आहात.

मॅडम हळूहळू माझ्याजवळ आल्या. मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग डावीकडून उजवीकडं बघितलं.

"सर, एक मदत कराल? मला निगेटिव्ह पाहिजे."

माझ्या कानात शिट्टी वाजली. "निगेटिव्ह? मी?"

"तुम्ही अगदी परफेक्ट आहात. करणार ना?"

आता तुम्हीच सांगा! सिनेमावाल्या बाईनं 'निगेटिव्ह' म्हटलं तर माणूस काय समजंल? निगेटिव्ह रोल! व्हिलन! मी शाळेत असताना गॅदरिंगच्या नाटकात झाड झालो होतो, तेही पडदा उघडायच्या आत पडलं होतं. आणि आज, कुणी शिफारस नाय, ओळख नाय, थेट व्हिलन!

"मॅडम, डायलॉग काय आहेत?"

"काही बोलायचं नाही. हलायचं पण नाही. इथं उभं राहायचं, बस. तुमचं नुसतं असणं पुरेसं आहे."

बघा! बारका गुंड असतो तो बडबड करतो. मोठा व्हिलन नुसता उभा राहतो.

मी उभा राहिलो. कॅमेरा तिकडं, हिरोइन मध्ये, तिच्या बाजूला मी. मॅडम टीव्हीत बघून ओरडल्या, "छान! पण निगेटिव्ह फिल अजून पाहिजे!"

निगेटिव्ह फील! म्हणजे भाव! मी भुवया खाली ओढल्या, एक डोळा बारीक केला, नाकपुड्या फुगवल्या.

"अजून फिल पाहिजे! जवळ या!"

मी दात खाल्ले आणि एक पाऊल तिच्याकडं टाकलं. मंडळी, असा खुनशी चेहरा मी कंपनीत नाइट शिफ्टला झोपलेल्या माणसावरही कधी काढला नाय. हिरोइननं माझ्याकडं बघितलं. घाबरली. तिनं हळूच विचारलं,

"काका, तुम्हाला बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

मी ओठ न हलवता म्हणालो, "तू रड. मी बरोबर आहे."

तेवढ्यात मॅडमचा आवाज, "गॅफर, मागून किकर मारा!"

मी टुणकन उडी मारली आणि दोन्ही हात मागं धरले. व्हिलनला मार खावा लागतो हे मान्य, पण असा न सांगता, पाठीमागून?

गफूरभाई तिकडून ओरडला, "अरे हिलो मत भाई! लाइट है वो, लाइट! बाल पे चमक आने के वास्ते!"

खरंच, मागून एक दिवा लागला आणि पोरीच्या केसांवर बारीक चंदेरी रेघ उमटली. बरं झालं, नुसता दिवा निघाला. मी परत नाकपुड्या फुगवल्या. कॅमेरा सुरू झाला. पोरगी अशी रडली, अशी रडली की गोठ्यातली शेळीसुद्धा गप्प झाली. आणि 'कट' झाल्यावर मॅडम खुर्चीवरून उठल्या.

"वा! काय डेप्थ आली! सर, तुम्ही नसता तर हा शॉट झालाच नसता!"

मॅडमनी माझा हात हातात घेऊन हलवला. मामी दारातून सगळं बघत होत्या.

संध्याकाळी गाड्या गेल्यावर मामींनी विचारलं, "काय काम दिलं म्हणं तुम्हाला?"

"व्हिलनचं, मामी. निगेटिव्ह रोल."

"म्हंजी त्या गरीब पोरीला तुम्ही तरास दिला?"

"पिक्चरमध्ये हो मामी!"

"तरीच ती एवढी रडली." मामींनी माझ्याकडं बघितलं. शेळीकडं बघतात तसं नाय, माणसाकडं बघतात तसं! मग त्यांनी आत जाऊन कोंबडीचं सांगितलं. लग्नानंतर मांडवपरतणीला जेवलो होतो, त्यानंतर त्या घरात माझ्यासाठी पहिल्यांदा कोंबडी शिजली. रस्सा असा होता की काय सांगावं. दोनदा वाढून घेतला.

बजाजनगरात आलो आणि फक्त शेजाऱ्याला सांगितलं. शप्पथ, फक्त शेजाऱ्याला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर वॉचमननं सलाम ठोकला. "या व्हिलनसाहेब!" कँटीनमध्ये माणसं माझ्यासाठी खुर्ची सोडायला लागली. मी मिशा वाढवल्या. बोलता बोलता मध्येच थांबून एक डोळा बारीक करायची सवय लागली. भाजीवाली कोथिंबीर फुकट द्यायला लागली, भीतीनं का कौतुकानं ते मी विचारलं नाय.

गणपतीत तर कहर झाला. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्या कॉलनीतले रिटायर झालेले जाधव सर. त्यांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी माइक घेतला आणि 'नकारात्मक भूमिका आणि आजचा समाज' ह्या विषयावर बोललो. लोकांना निगेटिव्ह फील कसा आणायचा ते करून दाखवलं. "सगळं नाकपुडीत असतं," मी म्हणालो. पुढच्या रांगेतले सगळे नाकपुड्या फुगवून बसले.

एकट्या सुनंदाला शंका. ती घरी आल्यावर म्हणाली, "अहो, एक विचारू? कॅमेरा तुमच्याकडं होता का?"

मी हसलो. "वेडी आहेस. कलाकारानं कॅमेऱ्याकडं बघायचं नसतं. मग तो कुठं होता ते मला कसं माहीत असणार?"

ती शाल घडी करून ठेवत म्हणाली, "बरं."

ह्या 'बरं'चा अर्थ नवऱ्यांना नंतर कळतो.

आणि मग पिक्चर तयार झाला! पहिला खेळ आपल्याच शहरात ठेवला, काम केलेल्या सगळ्यांना बोलावणं आलं. मी कॉलनी नेली. खरोखर कॉलनी नेली, बस करून! मामी दौलताबादहून नवं लुगडं नेसून आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी आजूबाजूच्या चार अनोळखी बायांना सांगून ठेवलं, "व्हिलन आमचे जावई हायेत. पण सोभावानं गरीब."

अंधार झाला. पिक्चर सुरू. बऱ्याच वेळानं मामींचा ओटा पडद्यावर आला आणि आमच्या बाजूनं शिट्ट्या! पोरगी बसलीय. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, अर्धा चेहरा काळोखात, केसांवर ती चंदेरी रेघ. डोळ्यातलं पाणी उजेडातून घरंगळलं आणि काळोखात गेलं. अहो, थिएटरमध्ये हुंदके ऐकू आले.

मामी कानाशी लागल्या. "तुम्ही कंदी येता?"

"आता येतो."

पोरगी उठली. पिशवी घेतली. गेली.

"पाव्हणं, ती तर गेली की!"

"मामी, व्हिलन शेवटी येतो."

शेवट आला. व्हिलन आला नाय. त्या पिक्चरमध्ये व्हिलनच नव्हता हो! सगळीच माणसं चांगली! पाटी पडली, दिवे लागले आणि अख्खी कॉलनी माझ्याकडं बघायला लागली. मामींनीही बघितलं. नुसतं बघितलं. ती जुनी, गोठ्याची नजर!

स्टेजवर मॅडम, हिरोइन, सगळी मंडळी आली. "कुणाला काही विचारायचंय का?" म्हणाले. मी सुनंदाला म्हणालो, "चल, पार्किंगमधून बस काढायला वेळ लागतो." पण जाधव सर आधीच उभे!

"आमच्या भास्कररावांचा सीन का कापला? हा आमच्या बजाजनगरचा अपमान आहे!"

मागून कॉलनी उठली. "सीन दाखवा! सीन दाखवा!" मी हात वर करून त्यांना शांत करत होतो, पण खरं सांगतो, आतून बरं वाटत होतं. कापला! हाच शब्द पाहिजे होता. मोठमोठ्या नटांचे सीन कापतात!

मॅडम गोंधळल्या. "कापला? कुणाचा?" मग त्यांनी गर्दीत मला बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, तुम्ही! आमचे निगेटिव्ह फिल! या, या, वर या!"

टाळ्यांत मी स्टेजवर गेलो. मामींनाही बोलावलं, घरमालकीण म्हणून. मॅडम माइकमध्ये म्हणाल्या, "ह्यांचा सीन कापलेला नाही, पूर्ण आहे. चेहऱ्याची ती काळोखी बाजू बघितलीत ना? ते हे आहेत."

लोक एकदा माझ्याकडं बघायला लागले, एकदा कोऱ्या पडद्याकडं.

"पांढऱ्या वस्तूवरून उजेड उलटून चेहऱ्यावर पडतो. काळी वस्तू जवळ धरली की ती उजेड शोषून घेते आणि गालावर सावली गडद होते. त्याला आम्ही निगेटिव्ह फिल म्हणतो, म्हणजे सावली भरणं. एरवी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा काळा कपडा लावतो. त्या दिवशी तो फाटला. कुणीतरी बाजूची भिंत ऑइलपेंटनं पांढरी करून ठेवली होती..."

"ह्यांनीच!" मामी माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेल्या.

"...आणि तेवढी रुंद काळी वस्तू दुसरी नव्हती," मॅडमनी वाक्य पुरं केलं. "थांबा, करूनच दाखवू. आमचे गॅफर इथंच आहेत. लासूर स्टेशनचे पांडुरंगराव, या!"

आणि कोण आलं सांगू? गफूरभाई!

"पांडुरंग?" मी त्याचा हात धरला. "तुम्ही मराठी?"

तो डोळे फाडून म्हणाला, "म्हंजी तुम्ही पण? अहो, तुम्ही माझ्याशी दिवसभर हिंदीतच बोलत होता आणि मी लांब दिव्यांपाशी, मला वाटलं तुम्हाला मराठी समजत नाय! गॅफर म्हंजी लाइटवाल्यांचा मुकादम. माझं नाव नाय ते!"

दोन मराठी माणसं दिवसभर एकमेकांसाठी हिंदीची हाडं मोडत होती!

पांडुरंगनं मामींना मध्ये उभं केलं, एका बाजूनं दिवा लावला, दुसऱ्या बाजूला पांढरा पडदा धरला. मामींचा चेहरा लख्ख. मग मला, त्या दिवशीही काळ्याच शर्टात होतो, पडद्यापुढं ढकललं. आणि काय जादू सांगू! मामींचा तो गाल खरंच काळोखात गेला. नुसती सुरकुती न् सुरकुती उठून दिसली, पडद्यावरच्या मोठ्या नटीसारखा चेहरा झाला. मी बाजूला झालो, चेहरा सपाट. पुढं झालो, चेहरा जिवंत. थिएटरनं अशा टाळ्या वाजवल्या की ज्याचं नाव ते! "वन्स मोअर!" जाधव सर तर खुर्चीवर चढायचे बाकी होते. मी पुढं, मी मागं, मी पुढं! आयुष्यात मी इतका यशस्वी कधी झालो नव्हतो.

मॅडमनी माइक मामींपुढं धरला. "मामी, जावयाबद्दल दोन शब्द?"

मामींनी पदर सारखा केला. "गावात लोक मला इचारायचे, तुमच्या जावयानं असे काय दिवे लावले? आज समद्यांसमोर सांगते. दिवे ह्या पांडुरंगानं लावले. आमच्या जावयानं ते गिळले!"

अख्खं थिएटर फुटलं. सुनंदा तर पहिल्या रांगेत वाकून वाकून हसत होती. मामीसुद्धा हसल्या, आणि हसता हसता त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. थाप, मंडळी! मामींची! मी स्टेजच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात जोडले, मान झुकवून इकडच्या टाळ्या घेतल्या, तिकडच्या टाळ्या घेतल्या. वाटलं, हे असंच चालू राहावं.

तेवढ्यात मागून पांडुरंगचा आवाज आला, स्वच्छ मराठीत.

"भास्करराव, जरा बाजूला व्हा. हिरोइनवर अंधार पडतोय."